बसचा नंबर काय सांगतो, आणि काय सांगत नाही

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



विषय जाहीर झाला तेव्हा काही जणांनी विचारलं, "बसवर काय व्याख्यान द्यायचं? बस येते, आपण चढतो, उतरतो." बरोबर आहे. पण बस येत नाही तेव्हा काय? तेव्हा स्टँडवरचा प्रत्येक माणूस अभ्यासक होतो. कुठली गाडी, कुठल्या आगाराची, का नाही आली, पुढची कधी, सगळी चर्चा सुरू होते. आणि त्या चर्चेत निम्म्या गोष्टी चुकीच्या असतात. आज त्या जरा नीट लावून घेऊ.

रेल्वेवेडे आपल्याला माहीत आहेत. बसवेडे त्यामानाने कमी माहीत असतात. पण आहेत. प्रत्येक जिल्ह्यात दोनचार जण असतात, जे डोळे मिटून नुसत्या आवाजावरून लेलँड की टाटा सांगतात. गाड्यांचे फोटो काढतात, नंबर टिपतात, कुठली गाडी कुठल्या फेरीवर लागली ते लिहून ठेवतात. घरचे म्हणतात, काय हा रिकामटेकडेपणा. माझं म्हणणं असं आहे, की ही वही नीट ठेवली तर गावाच्या उपयोगाची वस्तू आहे. कशी, ते सांगतो.

नंबर म्हणजे जन्मदाखला, पत्ता नव्हे

सुरुवात नंबरप्लेटपासून. एमएच म्हणजे महाराष्ट्र, पुढचे दोन आकडे म्हणजे ज्या आरटीओत नोंदणी झाली त्याचा क्रमांक, मग मालिकेची अक्षरं, मग चार आकडे. ही पद्धत १९८८च्या मोटार वाहन कायद्याबरोबर आली. तो कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्याआधी तीन अक्षरं आणि आकडा अशी प्लेट असायची, ती इथल्या ज्येष्ठांना आठवत असेल.

आता प्रश्न असा. तुम्ही रत्नागिरीच्या स्टँडवर उभे आहात. लाल गाडी येते. नंबर एमएच-२०. म्हणजे छत्रपती संभाजीनगरचा. लगेच कोणीतरी म्हणतं, "ही बघा, तिकडची भंगार गाडी आपल्या गळ्यात मारली." असं नसतं हो!

एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळा तीन. पुण्याजवळ दापोडी, संभाजीनगरला चिकलठाणा आणि नागपूरला हिंगणा. कंपनीकडून नुसती चासी यायची. चासी म्हणजे इंजिन, चाकं आणि सांगाडा. त्यावर बॉडी आपल्या कार्यशाळेत चढायची. गाडी तयार झाली की नोंदणी तिथल्याच आरटीओत. म्हणून दापोडीच्या गाड्यांवर एमएच-१४, म्हणजे पिंपरी-चिंचवड. चिकलठाण्याच्या गाड्यांवर एमएच-२०. हिंगण्याच्या गाड्यांवर एमएच-४०, म्हणजे नागपूर ग्रामीण. एमएच-१४-बीटी आणि एमएच-२०-बीएल या मालिका तर एसटीने रोज जाणाऱ्याला तोंडपाठ असतील. नोंदणी झाल्यावर गाडी राज्यात कुठल्याही विभागाला दिली जाते. पुढे तिची बदलीही होते.

म्हणजे नंबर सांगतो गाडी कुठे जन्मली. ती कुठे नांदते ते तो सांगत नाही. ते बघायचं असेल तर बॉडीवर आगाराचं नाव लिहिलेलं असतं, ते वाचायचं.

हा फरक बारीक वाटतो, पण तक्रार करताना फार महत्त्वाचा आहे. लोक नंबरावरून ठरवतात की गाडी अमुक जिल्ह्याची, आणि तक्रार तिकडे पाठवतात. ती फिरत राहते. ज्या आगाराने उत्तर द्यायला हवं, त्याच्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून नंबर आणि आगार, दोन्ही लिहायचं.

आता यातही बदल होतोय. २०२४ मध्ये महामंडळाने अशोक लेलँडला २,१०४ वायकिंग गाड्यांची ऑर्डर दिली, त्या बांधून तयारच येणाऱ्या गाड्या. भाडेतत्त्वावरच्या गाड्यांची मालकी तर कंत्राटदाराची असते, त्यामुळे नोंदणी त्याच्या सोयीने कुठेही. तेव्हा तीन कार्यशाळांचा हा हिशोब जुन्या गाड्यांना चपखल बसतो, नव्यांना बसेलच असं नाही.

प्लेटच्या रंगाचंही सांगून टाकतो. प्रवासी वाहतुकीच्या गाडीला पिवळी प्लेट, काळी अक्षरं. विजेवरची असेल तर हिरवी प्लेट, आणि प्रवासी वाहतुकीची असल्यामुळे अक्षरं पिवळी. खाजगी विजेच्या मोटारीला हिरव्यावर पांढरी. त्यामुळे लांबून येणारी शिवाई किंवा बेस्टची विजेवरची बस नुसत्या प्लेटवरूनही कळते.

शेजारच्यांची रीत

दुसऱ्या राज्यांत हेच वेगळ्या रीतीने चालतं, आणि ते मोठं मजेशीर आहे. कर्नाटकात सरकारी परिवहनाच्या गाड्यांना 'एफ' मालिका. बेळगावची गाडी असेल तर केए-२२-एफ. आंध्र आणि तेलंगणात आरटीसीला 'झेड'. तमिळनाडूत सरकारी बसला 'एन' पासून सुरू होणारी मालिका. केरळने तर कमाल केली, केएल-१५ हा अख्खा क्रमांकच केएसआरटीसीसाठी राखून ठेवला. म्हणजे तिथे गाडी सरकारी आहे एवढं प्लेटवरून नक्की कळतं. आपल्याकडे तशी राखीव मालिका नाही.

आता ही ओळख नेहमी सुखाची असतेच असं नाही. सीमाभागातली मंडळी इथे असतील, त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. डिसेंबर २०२२ मध्ये सीमाप्रश्न तापला, तेव्हा बेळगावजवळ एमएच नंबरच्या गाड्यांवर दगडफेक झाली, आणि इकडे पुण्यात कर्नाटकच्या बसना काळं फासलं गेलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा तोच प्रकार, आणि दोन्हीकडच्या फेऱ्या थांबल्या. गाडीला भाषा नसते, पण प्लेटला असते असं लोक धरून चालतात. मार खातो तो ड्रायव्हर-कंडक्टर, आणि अडकतो तो प्रवासी. कोल्हापूरहून बेळगावला दवाखान्यात जाणारा, निपाणीहून कोल्हापूरला कॉलेजला येणारा. त्याच्यासाठी ही बातमी राजकारणाची नसते. आज जाऊ की नको, एवढाच त्याचा प्रश्न असतो.

एका बॅचचं म्हातारपण

आता नंबराचा दुसरा उपयोग. मालिका क्रमाने पुढे सरकते. त्यामुळे जवळजवळचे नंबर म्हणजे साधारण एकाच काळातल्या गाड्या. बसवेडे याला 'बॅच' म्हणतात. एका बॅचच्या गाड्या बरोबरीने तरुण असतात आणि बरोबरीनेच म्हाताऱ्या होतात. क्लच, गिअरबॉक्स, पाटे, सगळ्यांची दुखणी साधारण एकाच सुमाराला वर येतात.

त्यात कायद्याची भर पडली. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये अधिसूचना काढली, की सरकारी आणि परिवहन महामंडळांच्या १५ वर्षांहून जुन्या गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून रद्द. म्हणजे गाडी चालू स्थितीत असली तरी पंधरा भरली की थांबायचं. मग एखाद्या आगारात एकाच बॅचच्या आठ गाड्या असतील तर काय होईल? वर्षभरात आठही जातील. नव्या वेळेवर आल्या नाहीत तर आठ गाड्यांच्या फेऱ्या कुठूनतरी कापाव्या लागतील. हे भविष्य सांगायला ज्योतिषी लागत नाही. नंबरांची यादी आणि नोंदणीची तारीख लागते. तारीख एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की मिळते, फिटनेस कधीपर्यंत आहे तेही दिसतं.

बॅचचं महत्त्व मुंबईकरांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये एका दिवसात अनुभवलं. आगीच्या घटना लागोपाठ घडल्यावर बेस्टने एका कंत्राटदाराच्या ४०० सीएनजी बस एकदम रस्त्यावरून काढल्या. निर्णय योग्यच होता, माणसाचा जीव आधी. पण कुठली गाडी कुठल्या मार्गावर धावते हे ज्यांच्या वहीत होतं, त्यांना उद्या कुठल्या थांब्यांवर गर्दी तुंबणार हे आजच कळत होतं.

एक फेरी रद्द होते म्हणजे काय होतं

आता मुद्द्याचं. ग्रामीण भागात एक गाडी म्हणजे एक फेरी नसते, ती फेऱ्यांची माळ असते. समजा, एक मुक्कामी गाडी आहे. रात्री गावात येते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच झोपतात. सकाळी पावणेसहाला गाव सोडते. सात वाजता तालुक्याला. तिथून साडेसातला दुसऱ्या गावाला, शाळा-कॉलेजची पोरं घेऊन नऊला परत. मग साडेनऊला तिसरं गाव. दुपारी आणखी एक. संध्याकाळी पोरांना परत सोडायचं आणि रात्री पुन्हा मुक्कामाच्या गावी.

या गाडीचा क्लच सव्वानऊला गेला. तिसऱ्या गावाला वाटतं आपली गाडी रद्द झाली. दुपारच्या गावाला वाटतं आपली. मुक्कामाच्या गावाला रात्री कळतं, आणि खरं म्हणजे त्यांचं नुकसान दुसऱ्या दिवशी सकाळी होतं, कारण रात्री गाडी आलीच नाही तर सकाळी सुटणार कुठून? बिघाड एक, पण भोगणारी गावं चार.

आगारात मग वाहतूक नियंत्रकाची कसरत सुरू होते. शिलकीत गाडी असेल तर प्रश्न नाही. नसेल तर कुठली तरी फेरी मोडायची. बहुतेक वेळा लांब पल्ल्याची मोडत नाही, कारण तिथे आरक्षण झालेलं असतं आणि उत्पन्न जास्त असतं. मोडते ती खेड्याची. त्या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही, त्याच्या हातात पाच गाड्या आणि सहा फेऱ्या आहेत. पण हे रोज व्हायला लागलं की त्याच त्या फेरीवर कुऱ्हाड पडते. मग लोक त्या फेरीवर भरवसा ठेवणं सोडतात, वडापची जीप धरतात. भारमान पडतं. आणि एक दिवस कागद येतो, 'अल्प प्रतिसादामुळे फेरी बंद'. प्रतिसाद आधी कमी झाला की गाडी आधी कमी झाली, हे त्या कागदावर नसतं.

आणि जातं कुणाचं? ज्याच्याकडे मोटरसायकल आहे त्याचं फारसं नाही. गावाकडच्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, अहिल्याबाई होळकर योजनेत. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत. १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं तिकीट. सवलती चांगल्या आहेत. पण गाडीच आली नाही तर मोफत पास नुसता पाकिटात राहतो. जीपवाला तो घेत नाही. मग घरात चर्चा होते, पोरीला रोज जीपने पाठवायचं का. ती चर्चा कुठे संपते ते आपल्याला माहीत आहे.

मोठे खंड

हे झालं रोजचं. मोठे खंड सगळ्यांच्या लक्षात असतात. जानेवारी २०१९ मध्ये बेस्टचा संप नऊ दिवस चालला. एसटीचा संप ऑक्टोबर २०२१च्या अखेरीला सुरू झाला आणि एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला. महामंडळ राज्य शासनात विलीन करा, ही मागणी होती. संपाची बाजू बरोबर की चूक, हा आजचा विषय नाही. मी गाड्यांचं बोलतो. चालत्या गाडीपेक्षा उभी गाडी जास्त बिघडते. बॅटऱ्या उतरतात, टायर एकाच जागी दबतात, रबरी नळ्या कडक होतात. त्यामुळे संप मिटला त्या दिवशी सेवा सुरळीत झाली असं होत नाही. कुठल्या फेऱ्या परत आल्या आणि कुठल्या आल्याच नाहीत, हे पाहायला आधीची नोंद लागते. ज्या गावात ती होती, त्यांना भांडता आलं. "आमच्याकडे पूर्वी यायची" एवढ्यावर कुणी फेरी परत देत नाही.

आणि ठरलेले खंडही असतात. आषाढीला पंढरपूरच्या जादा गाड्या, गणपतीला कोकणाच्या. त्या गाड्या आकाशातून येत नाहीत, ठिकठिकाणच्या आगारांतून जातात. म्हणून ऐन गणपतीत एखाद्या लांबच्या तालुक्याची दुपारची फेरी गायब होते. चाकरमान्याने गावी जायलाच हवं, त्यात वाद नाही. पण चार दिवस आधी स्टँडवर फळा लावून सांगितलं, तर लोक निदान ताटकळत तरी बसणार नाहीत.

वहीत काय लिहायचं

बसवेड्यांना, आणि ज्यांना वेड नाही त्यांनाही, माझं सांगणं एवढंच. पाच गोष्टी लिहा. तारीख. फेरीची ठरलेली वेळ. गाडी प्रत्यक्ष आली ती वेळ, किंवा 'आली नाही'. गाडीचा नंबर. आगाराचं नाव. बस्स.

यातली सगळ्यांत मोलाची नोंद कुठली? 'आली नाही' ही. धावलेल्या फेरीची तिकिटं निघतात, मशिनमध्ये हिशोब राहतो. न धावलेल्या फेरीचे महामंडळाच्या कागदावर रद्द किलोमीटर तेवढे दिसतात. थांब्यावर किती जण उभे होते, त्यातल्या कितींची परीक्षा होती, हे कुठेच उतरत नाही. ते तुम्हीच लिहायचं.

तीन महिन्यांची नोंद झाली की ग्रामसभेचा ठराव करा, आगार व्यवस्थापकाला पत्र द्या, प्रत विभाग नियंत्रकांना. जोडीला माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा. त्यात "आमची गाडी का येत नाही" असं विचारू नका. विचारा, "अमुक आगाराची सकाळी साडेसातची अमुक फेरी अमुक तीन महिन्यांत कोणत्या तारखांना रद्द झाली, त्या नोंदीची प्रत द्या." तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्यांची यादी आणि तुमची वही शेजारी ठेवा. जुळली तर तुमचं म्हणणं पक्कं. नाही जुळली तर तोही एक मुद्दाच आहे.

काही पथ्यं पाळा. चालत्या गाडीत ड्रायव्हरशी गप्पा मारत फोटो काढू नका. आगाराच्या आवारात परवानगीशिवाय शिरू नका. कर्मचाऱ्याचं नाव, चेहरा कुठे टाकू नका, आपल्याला गाडीची नोंद हवी आहे, माणसाची नको. आणि अपघात झाला की नुसत्या नंबरावरून अफवा पसरवू नका. कुठल्या जिल्ह्याची गाडी हे नंबर सांगत नाही, हे आता तुम्हाला माहीत आहे.

जाणाऱ्या गाड्या

शेवटी जरा मनातलं. मुंबईत दुमजली बस १९३७ मध्ये आली. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला त्या सुमारे ९०० होत्या. १५ सप्टेंबर २०२३ ला डिझेलवरची शेवटची दुमजली अंधेरीत धावली, तेव्हा लोकांनी तिला हारफुलांनी सजवलं होतं. गाडी जतन करा अशी मागणी पुढे आली, तीही आधी प्रवाशांकडून आणि बसवेड्यांकडूनच. त्याच वर्षी फेब्रुवारीत विजेवरच्या वातानुकूलित दुमजली सुरू झाल्या होत्या, तेव्हा दुमजली संपली असं नाही. पण मागच्या उघड्या दारातून, घंटीच्या दोरीखालून चढायची ती बस संपली.

एसटीचंही तसंच. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली बस धावली. १ जून २०२२ ला त्याच मार्गावर विजेवरची शिवाई सुरू झाली. मधल्या काळात बेडफर्ड गेली, लाकडी बॉडी गेली, ॲल्युमिनियमची आली, मग पोलादी आली. प्रत्येक वेळी कुणीतरी नंबर आणि तारीख लिहून ठेवली म्हणून आपल्याला क्रम सांगता येतो.

प्रश्नोत्तरांतून

*प्रश्न: नोंदी ठेवून खरंच फेऱ्या परत मिळतात का?*

दरवेळी नाही. गाड्याच कमी असतील तर वही गाडी निर्माण करत नाही. पण वाटप करताना कुणाची फेरी मोडायची हे ठरत असतं, आणि ज्या गावाकडे नोंद आहे त्याची फेरी सहज मोडता येत नाही. एवढा फरक पडतो, आणि तो कमी नाही.

*प्रश्न: नवीन गाड्यांवर सगळीकडे जीपीएस येतंय. मग वहीची गरज काय?*

जीपीएस धावणारी गाडी दाखवतं. न सुटलेली गाडी आगारात उभी आहे एवढंच त्याला कळतं. थांब्यावर आठवीतली मुलगी तासभर उभी होती, हे त्याला कोण सांगणार? म्हणून म्हणतो, पाच रकाने आखा आणि उद्या सकाळच्या पहिल्या गाडीपासून सुरुवात करा.